ई-पुस्तक साफ करताना जुने अनुस्वार काढावेत का?

खानापूरकर : स्वामित्वहक्क संपलेल्या एका जुन्या मराठी कादंबरीची, स्कॅनवरून तयार झालेली ई-पब (ई-पुस्तकाची) फाइल गेले पंधरा दिवस मी कॅलिबर या ई-पुस्तकांच्या संगणक-प्रणालीत साफ करतो आहे. छापील पानाची प्रत्येक ओळ तिथे स्वतंत्र परिच्छेद झाली होती आणि पानाचा क्रमांक वाक्याच्या मधोमध येऊन बसला होता. ते सारे काढले, अक्षरांचा ठरावीक आकार उडवला, तेव्हा कुठे सहा इंची पडद्यावर पुस्तक वाचण्याजोगे झाले. आता ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘केलें’ यांवरचे अनुस्वारही ‘शोधा आणि बदला’ वापरून काढावेत, असे माझे मत आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेलेच आहेत, बेळगावच्या बसमध्ये हिसके खात वाचताना ती टिंबे डोळ्यांना टोचतात, आणि प्रत माझ्यापुरतीच आहे.

निपाणीकर : ओळी जोडणे आणि लेखन बदलणे ही दोन वेगळी कामे आपण एकाच केरसुणीने उरकू पाहत आहात. पानाचा क्रमांक लेखकाने लिहिलेला नव्हता, अनुस्वार मात्र त्या काळच्या रीतीने लिहिलेला होता. जुन्या लेखनात ‘तें’ म्हणजे एखादे मूल किंवा घर, आणि ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष किंवा कोणी आदरणीय गृहस्थ. टिंब पुसले की हा भेद केवळ संदर्भावर सोडावा लागतो. कोकणी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो नाकातला उच्चार आजही आहे, आणि आपल्या तालुक्यात तो ऐकायला लांब जावे लागत नाही. शिवाय सरसकट बदल केलात, तर ‘मुलांनी’चे ‘मुलानी’ होऊन बसेल.

शहापूरची वाचक : मी खानापूरकरांच्या बाजूची आहे, पण हात पोळलेली. न दिसणारी सगळी चिन्हे कचरा समजून मी एकदा एका फटक्यात काढली होती. त्यांतले शून्य रुंदीचे जोडचिन्ह, म्हणजे अक्षरे कशी जोडायची ते सांगणारे अदृश्य चिन्ह, कचरा नव्हते, त्यामुळे ‘करणाऱ्या’चे ‘करणार्या’ झाले आणि पुस्तकभर रफार डोक्यावर चढला. जिथे टंकणाऱ्याने नुक्त्याचे ‘ऱ’ वापरले होते, तेवढेच शब्द बचावले. आधी मूळ फाइलची नक्कल बाजूला ठेवा आणि प्रत्येक बदल पाहून मगच होकार द्या. वेळ जातो, जाऊ द्या.

खानापूरकर : ‘तें’ आणि ‘ते’ यांचा मुद्दा मान्य, ते शब्द तसेच ठेवतो. ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ यांच्या टिंबांनी मात्र अर्थात काडीचा फरक पडत नाही, ती मी काढणारच.

निपाणीकर : काढा, माझी संमती नाही. निदान ती फाइल पुढे कोणाला दिलीत, तर नावापुढे ‘लेखन बदललेले’ असे लिहा. अशीच एक प्रत मागे माझ्याकडे आली होती, आणि तिला मूळ समजून लेखकाच्या शुद्धलेखनावर मी दोन महिने टिपणे काढत बसलो होतो.