अभिनयाच्या कमाईतून स्वतःचा चित्रपट : जॉन कॅसावेटीसने हा मेळ कसा घातला?

नेपथ्य

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे मराठी मालिकांमध्ये दुय्यम भूमिका करतो. एका छोट्या चित्रपटाची पटकथा लिहून तयार आहे. तिला निर्माता मिळण्याची चिन्हे दिसत नसल्यामुळे मालिकेच्या मानधनातूनच तो चित्रपट करावा, असा विचार मनात घोळतो आहे. हा विषय निघाला की अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसावेटीस याचे नाव हमखास घेतले जाते. त्याचे ‘फेसेस’ आणि ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ हे दोन चित्रपट मी पाहिले असून दोन्हींनी मला मुळापासून हलवले. तो इतरांच्या चित्रपटांत कामे करायचा आणि मिळालेले पैसे स्वतःच्या चित्रपटांत घालायचा, एवढेच त्याच्याविषयी सगळीकडे वाचायला मिळते. माझा अनुभव मात्र असा आहे की मालिका महिन्यातील बहुतेक दिवस खाऊन टाकते, भागांची बँक (आधीच चित्रित करून ठेवलेले भाग) नसली की तारखा आयत्या वेळी बदलतात आणि मानधन तीन-तीन महिने हाती पडत नाही. तेव्हा त्याचा हिशेब प्रत्यक्षात कसा जुळला, अभिनय हा त्याच्या लेखी केवळ पोटापाण्याचा व्यवसाय होता का, आणि या मार्गाची त्याला काय किंमत मोजावी लागली, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

सोळा_मिमी

हिशेब नेहमी जुळलाच असे नाही, आणि पैसे आधी साठवून मग चित्रपट, असा सरळ क्रमही कधी नव्हता, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

१९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीक वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या कॅसावेटीसने अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले, दूरचित्रवाणीवरील नाटकांतून नाव कमावले आणि १९५७ च्या ‘एज ऑफ द सिटी’मध्ये सिडनी पॉयटिएसोबत काम केले. त्याच सुमारास तो न्यूयॉर्कमध्ये नटांसाठी एक कार्यशाळा चालवत होता. तेथील एका प्रसंगातून ‘शॅडोज’ची कल्पना निघाली. जीन शेफर्ड यांच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात त्याने श्रोत्यांना आवाहन केले, की सामान्य माणसांविषयीचा चित्रपट हवा असेल तर पैसे पाठवा. त्यातून सुमारे २,००० डॉलर जमले आणि १६ मिमी या अरुंद, स्वस्त फिल्मवर चित्रीकरण सुरू झाले. १९५८ मध्ये दाखवलेली पहिली आवृत्ती त्याचे त्यालाच पटली नाही, म्हणून १९५९ मध्ये त्याने मोठा भाग नव्याने चित्रित केला. जोनास मेकास यांच्यासारख्या समीक्षकाला पहिलीच आवृत्ती अधिक आवडली होती आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले, तरी कॅसावेटीस बधला नाही.

आता तुमच्या प्रश्नाशी थेट संबंधित भाग. या खटाटोपात कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी त्याने ‘जॉनी स्टॅकाटो’ ही गुप्तहेराची मालिका स्वीकारली. १९५९-६० मध्ये तिचे २७ भाग झाले, त्यांतील काही त्याने स्वतः दिग्दर्शित केले. म्हणजे मालिकेची कमाई चित्रपट पुरा झाल्यावर, देणी फेडण्याच्या कामी आली.

पुढे मोठ्या स्टुडिओंसाठी त्याने दोन चित्रपट केले. त्यांतील १९६३ च्या ‘अ चाइल्ड इज वेटिंग’चे संकलन निर्माते स्टॅनली क्रेमर यांनी आपल्या पद्धतीने केले आणि दोघांचे चांगलेच बिनसले. त्यानंतरचा ‘फेसेस’ त्याने १९६५ मध्ये स्वतःच्या घरात, कृष्णधवल १६ मिमीवर, मित्रमंडळींना घेऊन चित्रित केला. त्याचे संकलन सुमारे तीन वर्षे रेंगाळले आणि नेमक्या याच काळात त्याने ‘द डर्टी डझन’ (१९६७) आणि ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) यांत भूमिका केल्या. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचे मर्म येथे आहे. अभिनयाच्या पैशातून त्याने फिल्म आणि प्रयोगशाळेचा खर्च तर भागवलाच, पण त्याहून मोलाची गोष्ट विकत घेतली, ती म्हणजे कोणी घाई करू शकणार नाही असा संकलनाचा वेळ. ‘द डर्टी डझन’साठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले, ‘फेसेस’ला पटकथेसह तीन नामांकने मिळाली.

संकलन_कक्ष

वरील माहितीत मला एवढीच भर घालायची आहे, की अभिनय हा त्याच्यासाठी केवळ उत्पन्नाचा मार्ग नव्हता. मी संकलक असल्यामुळे त्याचे चित्रपट थांबवून, मागे नेऊन, पुनःपुन्हा पाहिले आहेत. त्यांतील प्रत्येक निर्णय नटाच्या बाजूने घेतलेला दिसतो. सहसा प्रकाशयोजना आधी ठरते आणि नटाने जमिनीवरच्या खुणेवर येऊन उभे राहायचे असते. येथे नटाला खोलीभर फिरण्याची मुभा असते आणि त्याच्यामागे धावण्याचे काम कॅमेऱ्याचे असते, मग क्षणभर चेहरा धूसर झाला तरी चालतो.

‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’मधील स्पॅगेटीचा प्रसंग पुन्हा एकदा नीट पाहा. निक रात्रपाळी संपवून सगळ्या कामगारांना सकाळी सकाळी घरी घेऊन येतो आणि त्याची बायको मेबल त्यांच्यासाठी भराभर स्पॅगेटी रांधते. एवढी माणसे टेबलाभोवती दाटीवाटीने बसलेली. कोणी ऑपेरातले गाणे म्हणते, मेबल खुलते, एका पाहुण्याला नाचायला उठवण्याचा हट्ट धरते आणि निक एकदम तिच्यावर ओरडतो. त्या ओरडण्यानंतर टेबलावर जी शांतता पसरते ती बहुतेक दिग्दर्शकांनी कापली असती. कॅसावेटीस ती राहू देतो, कारण ओशाळलेला माणूस ताटाकडे कसा पाहतो हे नटाला ठाऊक असते.

एक गैरसमजही दूर व्हावा. ‘शॅडोज’च्या शेवटी हा चित्रपट उत्स्फूर्त अभिनयातून घडल्याची पाटी येते आणि तेव्हापासून त्याचे सगळेच चित्रपट आयत्या वेळी रचलेले मानले जातात. वास्तविक पुढचे बहुतेक सर्व चित्रपट लिहिलेले होते, ‘शॅडोज’च्या दुसऱ्या आवृत्तीतही लिखित भाग पुष्कळ होता. नटाला मोकळीक होती ती शब्द कसे म्हणायचे आणि शरीराने काय करायचे याची. तुमची पटकथा तयार आहे, ही मोठीच जमेची बाजू आहे, तिला दुय्यम लेखू नका.

कुंभारवाडा

मला किमतीविषयी लिहायचे आहे, कारण अशा चर्चांत घर गहाण टाकण्याची गोष्ट शौर्यकथेसारखी सांगितली जाते आणि घरातल्या माणसांचा उल्लेखही होत नाही. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ला पैसे द्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा कॅसावेटीसने घरावर कर्ज काढले आणि ‘कोलंबो’ मालिकेमुळे तेव्हा तेजीत असलेल्या पीटर फॉकने ५ लाख डॉलर घातले. ते घर त्याच्या पत्नी, अभिनेत्री जीना रोलंड्स यांचेही होते. त्यांनी त्या चित्रपटात जन्मभर पुरेल असे काम केले. त्याच्या आईने आणि सासूबाईंनीसुद्धा त्यात भूमिका केल्या. पुढे वितरकांनीही हात आखडता घेतला, म्हणून त्याने स्वतःची वितरण व्यवस्था उभी केली आणि चित्रपटगृहांच्या मालकांशी थेट बोलून चित्रपट लावला. दिग्दर्शनाचे आणि अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, हे खरे. परंतु त्या यशाच्या जोरावर केलेला ‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’ १९७६ मध्ये सपशेल आपटला. दोन वर्षांनी तो बराच कापून पुन्हा प्रदर्शित केला, तरीही प्रेक्षक आले नाहीत. १९८९ मध्ये, वयाच्या अवघ्या ५९ व्या वर्षी, यकृताच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मद्यपानाचा उल्लेख टाळून ही कारकीर्द सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आपल्याकडे या वाटेने जाताना प्रत्येकाला घरावर कर्ज काढावे लागलेले नाही. ‘रजनीगंधा’पासून हिंदीत लोकप्रिय असलेल्या अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये मानवतच्या हत्याकांडावर आधारलेला ‘आक्रीत’ मराठीत दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’मध्ये चंक्याची भूमिका स्वतः केली. तुमचा पहिला चित्रपट अर्ध्या तासाचा असला तरी काही बिघडत नाही. ज्या आकाराला तुमचे मानधन पुरेल त्या आकाराचा करा, आणि घरच्यांना आकडे आधी दाखवा.

नेपथ्य

सर्वांचे मनापासून आभार. घराला हात लावणार नाही, हे आजच ठरवले. मालिकेचा चालू करार संपला की नवीन करार लगेच न करता चित्रीकरण उरकायचे आणि संकलनाच्या काळात पुन्हा काम धरायचे, असा क्रम आता डोळ्यांसमोर येतो. चित्रपटात मोठ्या भावाची भूमिका मीच करणार आहे. दिग्दर्शक स्वतः कॅमेऱ्यासमोर असताना तो नीट कसे पाहू शकतो, ही धास्ती मात्र आहे. या दृष्टीने त्याचा कोणता चित्रपट पाहावा?

सोळा_मिमी

‘ओपनिंग नाइट’ (१९७७) पाहा. नाटकाच्या प्रयोगांच्या काळात कोसळत चाललेली अभिनेत्री रोलंड्स यांनी साकारली आहे (बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यांना यासाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचे रौप्य अस्वल मिळाले) आणि तिच्यासमोर रंगमंचावर उभा राहणारा सहकलाकार म्हणजे स्वतः कॅसावेटीस. शेवटच्या प्रयोगात ती संहिता सोडून बोलू लागते आणि त्याला तिच्याकडे कान देऊन उत्तर द्यावे लागते. त्या प्रसंगात तो दिग्दर्शक म्हणून काही तपासताना दिसत नाही, समोरच्या नटीचे फक्त ऐकतो. चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्यामागे विश्वासाचा एक माणूस उभा करा, जो घेतलेला शॉट पुरेसा झाला की नाही हे तुम्हाला तोंडावर सांगू शकेल, आणि स्वतःची दृश्ये पाहण्याचे काम संकलनाच्या टेबलावर सोपवा.