कमांड लाइन प्रोग्रॅममध्ये लॉगच्या पातळ्या कशा लावाव्यात?

पंचवटीकर:
लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि नाशिक बाजार समित्यांच्या कांदा भावांच्या सीएसव्ही वाचून सरासरी काढणारा पायथन प्रोग्रॅम आहे. आउटपुट > ने फाइलीत वळवलं की ‘फाइल वाचली’ असल्या ओळीही त्यात घुसतात. लॉग फाइलीत डीबग (सगळ्यांत बारीक तपशिलाच्या नोंदी) येतच नाही, हँडलरची (नोंदी फाइलीत किंवा स्क्रीनवर लिहिणाऱ्या भागाची) पातळी डीबग ठेवूनसुद्धा. आणि -व्ही (जास्त तपशील दाखवण्याचा पर्याय) न देता चालवलं की टाइपएरर.

कॉलेजरोड:
टाइपएररचं सोपं आहे. आर्गपार्समध्ये (कमांड लाइनचे पर्याय वाचणारं मॉड्यूल) -व्ही किती वेळा दिलं ते मोजणाऱ्या ‘काउंट’ला डिफॉल्ट=० दिलं नसेल तर पर्याय न दिल्यावर ‘नन’ मिळतं, त्यातून वजाबाकी होणार कशी? ० द्या आणि स्क्रीनची पातळी ३० - १०×व्ही धरा (वॉर्निंग ३०, इन्फो २०, डीबग १०), १० च्या खाली जाऊ देऊ नका. म्हणजे नुसतं चालवलं तर वॉर्निंग, -व्ही ला इन्फो, -व्हीव्ही ला डीबग.
प्रिंट फक्त अंतिम भावासाठी ठेवा. बाकी सगळं लॉगरकडे. स्ट्रीमहँडलर मुळातच स्टँडर्ड एररवर लिहितो, त्यामुळे > मध्ये ते येत नाही.

सिडको_पायथन:
डीबग अडतंय ते रूट लॉगरपाशी, म्हणजे सगळ्यांत वरच्या लॉगरपाशी. त्याची मूळ पातळी वॉर्निंग असते. तिथे अडलेला संदेश हँडलरपर्यंत पोहोचतच नाही. रूट डीबगवर आणा, गाळणी हँडलरवर लावा: फाइलीला १०, स्क्रीनला -व्ही प्रमाणे.
बेसिककॉन्फिग (लॉगिंगची एका ओळीत मांडणी करणारं फंक्शन) वापरत असाल तर जपून. त्याआधी कुठेही लॉगिंग.वॉर्निंग() थेट बोलावलं गेलं की हँडलर आपोआप बसतो आणि तुमचं कॉन्फिग गुपचूप दुर्लक्षित होतं. पायथन ३.८ पासून जुने हँडलर काढून नवं कॉन्फिग लावणारं फोर्स=ट्रू आहे, पण प्रत्येक मॉड्यूलमध्ये गेटलॉगर(__नेम__) वापरणं जास्त चांगलं.
फाइल हँडलरला यूटीएफ-८ एन्कोडिंग द्याच. विंडोजवर मराठी नावं असलेल्या नोंदी नाहीतर गळू शकतात.

पंचवटीकर:
रूट बदलल्यावर डीबग आलं, आभार. एखाद्या ओळीत भाव रिकामा असेल तर तो एरर की वॉर्निंग?

कॉलेजरोड:
वॉर्निंग, कारण काम पुढे चालतं. पण नुसतं ‘चुकीची ओळ’ लिहू नका, ‘पिंपळगाव.सीएसव्ही, ओळ ४१३: कमाल भाव रिकामा, वगळली’ असं लिहा. क्विंटलच्या रकान्यात किलोचा भाव आला तर तोही वॉर्निंगच, आकड्यासकट. फाइलच उघडली नाही तर एरर, आणि एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना परत देतो तो आकडा, शून्य म्हणजे यशस्वी) शून्य नको. नाहीतर पुढची स्क्रिप्ट अर्धवट सरासरी बिनदिक्कत उचलेल.

सिडको_पायथन:
रोज चालणार असेल तर रोटेटिंगफाइलहँडलर लावा, तो लॉग फाइल भरली की नवी सुरू करतो. मॅक्सबाइट्स (फाइलीचा कमाल आकार) आणि बॅकअपकाउंट (किती जुन्या फाइली ठेवायच्या) दोन्ही द्या. एकही शून्य राहिला तर फाइल फिरत नाही, वाढतच जाते.