मुद्रा : चेहऱ्यावरची आणि कागदावरची

प्रश्न : 'गंभीर मुद्रेने म्हणाले' आणि 'राजमुद्रा' यांतली मुद्रा एकच का? आणि 'ठरावावर मंजुरीची मुद्रा उमटली' असं लिहिलेलं चालेल का?

उत्तर : शब्द एकच. संस्कृतात मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का किंवा शिक्क्याची अंगठी. मराठीतलं क्रियापदच बघा ना : कागदावर शिक्का उमटतो आणि चेहऱ्यावर नाराजीही उमटते. मनातल्या भावाचा चेहऱ्यावर पडलेला ठसा तो मुद्रा. पुढे मुद्रा म्हणजे नाणं हा अर्थ, मुद्रण, मुद्रांक सगळे याच घरातले.

आणखी एक : यात 'मिटणं' ही छटाही आहे. 'मुद्रित नेत्र' म्हणजे मिटलेले डोळे, छापलेले नव्हेत! (छापखान्यातल्या चुकांना 'मुद्राराक्षस' म्हणतात ती मात्र निव्वळ कोटी. याच नावाच्या मूळ संस्कृत नाटकात मुद्रा आहे ती राक्षस नावाच्या अमात्याची अंगठी.)

मंजुरीबद्दल : अर्थ कळेल, पण रुळलेला प्रयोग 'मोहोर उमटली' किंवा 'शिक्कामोर्तब झालं'. शिवकालीन पत्रांत मजकुराच्या वर मुख्य मुद्रा असे, 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' ही. मजकूर संपला की खाली छोटा शिक्का, 'मर्यादेयं विराजते'. तो मोर्तब. त्यापुढे कुणी एखादी ओळ घुसडू नये, हा त्याचा उपयोग. म्हणून शिक्कामोर्तब हे नुसत्या 'मान्यते'पेक्षा जड आहे. त्यानंतर फेरफार नाही. उपसमितीने केलेल्या शिफारशीला वर्तमानपत्रं शिक्कामोर्तब म्हणतात, ते मला खटकतं.

मूळ प्रश्नकर्ता : मग चेहऱ्यावरच्या मुद्रेत संमती नसतेच?

उत्तर : शब्दात नाही, विशेषणात असते. 'साहेबांची मुद्रा प्रसन्न दिसली, तेव्हाच रजेचा अर्ज पुढे केला' यात होकार जवळजवळ आलाच. उलट 'त्रासिक मुद्रा' म्हटलं की अर्ज खिशातच बरा. विशेषण काढून नुसतं 'त्यांची मुद्रा दिसली' म्हणा, काहीच हाती लागत नाही.

जाता जाता : 'चर्या' जवळचा आहे, पण ती पालटते. 'बातमी ऐकताच त्याची चर्या पालटली' इथे मुद्रा घातली तर वाक्य अवघडतं. मुद्रा थोडी स्थिरावलेली असते, फोटोतल्यासारखी. आणि अभंगाच्या शेवटी येणारं 'तुका म्हणे' ही नाममुद्रा, तीही सहीशिक्क्याचीच जात.