मदत हवी आहे: पावसाळ्यात गादीतला लघवीचा वास आणि डाग कसा घालवायचा?

नमस्कार मंडळी. प्रश्न गादीचाच आहे, पण जरा सविस्तर लिहिते.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. जूनच्या शेवटी आण्णा (माझे वडील, वय 78) बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आता घरी आहेत. वॉकर धरून चार पावलं टाकतात. रात्री मात्र उठून संडासापर्यंत पोचेतो उशीर होतो, आणि तीन वेळा अंथरुणातच लघवी झाली. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. पांघरूण घडी करून ओल्या जागेवर टाकलं आणि सकाळपर्यंत तसेच पडून राहिले. मला कळलं ते वासावरून.

गादी सहा इंची आहे, खाली कॉयर (नारळाचा काथ्या) आणि वर फोम. डाग मधोमध, परातीएवढा, पिवळट. घाईत माझ्याकडून चूक झाली. धुण्याची पावडर लावून ब्रशने खसाखसा घासलं आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं. डाग फिका झाला, पण पसरला आणि कडेला तपकिरी वर्तुळ उमटलं. पाणी आत कॉयरपर्यंत गेलं असणार. आठ दिवस ऊन नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चाललंय, गच्चीत गादी टाकायचा विषयच नाही. तीन दिवस पंख्याखाली ठेवली. वरून हाताला कोरडी लागते, पण पावसाची सर आली, हवा दमट झाली की वास परत येतो.

काल आण्णा म्हणाले, "मला खाली चटईवर टाक, चांगली गादी कशाला नासवायची." डॉक्टरांनी तर खाली बसायलाही मनाई केली आहे. नवी गादी आणता येईल हो, पण आपल्यामुळे जुनी टाकून दिली हे त्यांच्या मनाला फार लागेल. मला हीच गादी स्वच्छ करून परत पलंगावर घालायची आहे. आतला वास कसा काढू? आणि उन्हाशिवाय वाळवू कशी?

औषधदुकान_राजारामपुरी

ताई, वास परत का येतो ते आधी सांगतो. लघवी वाळली की त्यातल्या युरिक ॲसिडचे बारीक खडे तंतूंना चिकटून राहतात. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. हवेतला ओलावा लागला की वास पुन्हा सुटतो. त्यामुळे नुसत्या साबणाने वरचा रंग जातो, वास राहतो.

मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बाटलीवर बहुतेक 6 टक्के किंवा 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की 3 टक्के होतं. असं एक कप घ्या, त्यात तीन चमचे खाण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. धुण्याचा सोडा नको, तो वेगळा आणि जहाल असतो. हातात मोजे घाला. आधी गादीच्या कोपऱ्यावर थेंब टाकून बघा, कारण यानं कापडाचा रंग उडू शकतो. मग डागावर फवारा, भिजवू नका. तास-दोन तास ठेवून कोरड्या सुती कापडानं दाबून टिपा. घासायचं नाही, घासल्यानं ते आणखी आत जातं. लागेल तेवढंच ताजं करा. उरलेलं झाकण लावून ठेवू नका, गॅस धरून बाटली फुटते.

एक हात जोडून सांगतो: ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर या डागावर अजिबात टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो, आणि खोली बंद, त्यात म्हातारं माणूस. व्हिनेगर वापरायचं झालं तर ते वेगळ्या दिवशी, पेरॉक्साइडमध्ये मिसळून नको.

गादीकारखाना

वहिनी, डागाचं राहू दे, आधी खोळीची चेन उघडून आतला कॉयर बघा. चेन नसंल तर खालच्या बाजूची शिवण वीतभर उसवा, नंतर दाभणानं परत मारता येती. कॉयर काळा पडला असंल, बुरशीचा कुबट वास येत असंल तर वरून काय बी लावा, उपयोग न्हाई. तेवढा थर बदलून मिळतो, आख्खी गादी टाकायला लागत न्हाई. कापसाची असती तर पिंजून नवी खोळ घालून दिली असती, फोमला तसलं काय चालत न्हाई. आणि ऊन पडलंच तरी फोम कडक उन्हात दिवसभर ठेवू नका. पिवळा पडतो आणि पुढं भुगा सुटतो.

शाहूपुरी_पहिला_मजला

वाळवण्याबद्दल लिहितो. 2019 च्या पुरात आमच्या तळमजल्यावरच्या गाद्या टाकूनच द्याव्या लागल्या. त्यात गटाराचं पाणी शिरलं होतं, आणि तशी गादी ठेवूच नये. पण वरच्या मजल्यावर छत गळून एक गादी भिजली होती, ती वाचली. आडवी ठेवली असती तर खालच्या बाजूनं कुजली असती. आम्ही ती लांब कडेवर उभी केली, भिंतीपासून हातभर लांब, दोन स्टुलांच्या आधारानं. एका बाजूला टेबल फॅन, दुसऱ्या बाजूला एक खिडकी फटीएवढी उघडी. दर चार तासांनी तोंड फिरवायचं. पूर्ण वाळायला चार दिवस लागले. वरून कोरडी लागली की फसू नका, तळहातानं जोर देऊन दाबा. आत ओल असेल तर गार लागतं.

रात्रपाळी_सिस्टर

गादीचं सगळ्यांनी सांगितलंय, मी आण्णांचं बोलते. ओल्या अंथरुणावर पडून राहिल्यानं कमरेखाली, टाचांना जखमा होतात आणि या वयात त्या लवकर भरत नाहीत. रोज अंग पुसताना तिथली कातडी लालसर झालीय का ते बघा. सर्जिकलच्या दुकानातून रबरी शीट आणा. त्यावर सुती चादर आडवी घालून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचा, नुसत्या रबरावर झोपवू नका, घाम येतो. लघवीचं भांडं पलंगाला लागून, त्यांचा हात पोचेल असं ठेवा आणि रात्री बारीक दिवा चालू राहू दे. आणखी एक, हे अलीकडेच सुरू झालं असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसाला जळजळ न होताही इन्फेक्शन असू शकतं. प्रत्येक वेळी ते वयामुळेच असतं असं धरून चालू नका.

(धागाकर्ती, सहा दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी शिवण उसवली. कॉयर एका जागी ओला होता, पण काळा नव्हता, तेव्हा जिवात जीव आला. दोन दिवस गादी उभी करून फॅन लावला. मग पेरॉक्साइडचं मिश्रण, एका दिवसाआड दोनदा. दुसऱ्यांदा टिपून घेतल्यावर खाण्याचा सोडा कोरडाच पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घेतला. पिवळा रंग जवळजवळ गेला. परवा रात्री धो धो पाऊस होता, मुद्दाम गादीला नाक लावून बघितलं. वास नाही.

सिस्टर, तुमचं ऐकून तपासणी केली. इन्फेक्शन निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी सगळं म्हातारपणावर ढकललं होतं.

काल गादी पलंगावर घातली. आण्णांनी हात फिरवून विचारलं, नवी आणलीस का? म्हटलं, नाही, तीच आहे. रबरी शीटबद्दल त्यांना सांगताना जीभ अडखळत होती, तर तेच म्हणाले, घाल, मला झोप तरी लागेल.

आता एकच शंका. पाणी ओतल्यामुळे जे तपकिरी वर्तुळ उमटलं होतं, त्याची कड अजून दिसते. परत पेरॉक्साइड लावू का?

औषधदुकान_राजारामपुरी

नको. ती कड पाण्याबरोबर वाहत आलेल्या मळाची आणि साबणाची आहे. फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि बाहेरून आत टिपत या, लगेच फॅन लावा. साबण अजिबात नको. एवढ्यानं गेली नाही तर राहू दे, वर चादर आहेच.