सलूनमधील विजेची साधने ठेवण्यासाठी कप्पे कसे करावेत?

प्रश्न : वाशिष्ठीकाठ
चिपळूणच्या बाजारपेठेत माझे दोन खुर्च्यांचे सलून आहे. वायरवर चालणारी मशीन, चार्जिंगचे ट्रिमर, 2000 वॅटचा ड्रायर आणि स्ट्रेटनर ही सगळी साधने सध्या आरशाखालच्या ड्रॉवरमध्ये कैच्या-कंगव्यांसोबतच राहतात, आणि ट्रिमर रात्रभर त्याच ड्रॉवरमागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंगला लावलेले असतात. पावसाळा सुरू झाला की पात्यांवर तांबूस डाग दिसू लागतात. शिवाय 22 जुलै 2021 चा पूर पाहिल्यापासून विजेची वस्तू जमिनीलगत ठेवायला मन धजत नाही. दिवाळीपूर्वी फर्निचर नव्याने करून घ्यायचे आहे, तेव्हा सुताराला नेमके काय सांगावे?

उत्तर : वायरमनदादा, रत्नागिरी
सुताराच्या आधी वायरमनला बोलवा. आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 2000 वॅटचा ड्रायर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्यामुळे तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवणे योग्य नाही. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पुरेशा जाडीची वायर आणि नीट अर्थिंग हवे. मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ती आधी बसवून घ्यावी, कारण एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारा आपोआप पडणारा स्विच) जादा भार व शॉर्टसर्किट ओळखते, माणसाच्या अंगातून जाणारा गळतीचा प्रवाह ओळखत नाही. आणि आपल्या धंद्यात ओले हात, ओले केस व पाण्याचा फवारा यांची संगत दिवसभर असतेच.

ड्रॉवरमागचा बोर्ड मात्र आजच काढा. तिथे बारीक केस, पावडर आणि दमट हवा यांचा थर साचतो, चार्जरची उष्णता कोंडते आणि सॉकेट सैल झाले तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. चार्जिंगची जागा दिसेल अशी, उघडी, बेसिनपासून दूर आणि शक्यतो लादीच्या पृष्ठभागावर असावी. ट्रिमर दुकान उघडे असतानाच चार्ज करून घ्यावेत व रात्री बटण बंद करून पिन काढावी. प्रत्येकाला त्याचाच चार्जर वापरावा. कारागीर मोबाइलचा हाती लागेल तो चार्जर जोडतात, ती सवय मोडायला हवी.

उत्तर : तिसरी पिढी, कोल्हापूर
विजेचे वर आलेच आहे, मी ठेवण्याच्या पद्धतीविषयी लिहितो. वायरचे मशीन बहुधा मोटारमुळे नव्हे, तर वायरमुळे बंद पडते. काम संपले की कारागीर ती वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळतो, मग वायर जिथे मशीनमध्ये शिरते तिथे आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि वायर एका विशिष्ट बाजूला वाकवली तरच मशीन चालते. त्या जागी चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नयेत, वायरच बदलावी. सुताराकडून प्रत्येक मशीनसाठी मागच्या कडीने अडकवता येईल अशी खुंटी करून घ्यावी, म्हणजे वायर सैल वेटोळ्यात लोंबती राहते.

गंजाचे म्हणाल, तर मशीन ठेवण्यापूर्वी पात्यातले केस ब्रशने झाडावेत, पाते स्पिरिटने पुसले असेल तर ते पूर्ण वाळू द्यावे, आणि मग मशीन क्षणभर चालू करून दातांवर पात्याचे तेल थेंबभर सोडावे. स्पिरिटने तेलही निघून जाते. ते पुन्हा घातले नाही तर कोकणातल्या हवेत डाग पडणारच. खोबरेल वापरू नये, ते चिकट होऊन दात जाम करते.

प्रश्न : वाशिष्ठीकाठ
वायरमनला उद्याच बोलावतो. ड्रायर आणि स्ट्रेटनर एकाच कप्प्यात चालतील का? आणि साधने निर्जंतुक करायच्या निळ्या दिव्याच्या (यूव्ही) पेटीत ट्रिमर ठेवून दिले तर चालेल का?

उत्तर : तिसरी पिढी, कोल्हापूर
एका कप्प्यात चालतील, पण पूर्ण गार झाल्यावरच. स्ट्रेटनरच्या पट्ट्या 200 अंशांच्या आसपास तापतात, म्हणून त्याला आधी धातूचा स्टँड द्यावा आणि स्पिरिटची बाटली त्याच्या जवळपासही नसावी. ड्रायरच्या मागच्या जाळीवरचे केस रोज काढावेत, नाहीतर हवा अडते आणि जळका वास येऊ लागतो. निळ्या दिव्याचा प्रकाश जिथे थेट पोहोचतो तेवढ्याच पृष्ठभागावर त्याचा उपयोग होतो. पात्याच्या आतल्या बाजूला तो पोहोचत नाही, त्यामुळे ती पेटी सफाईला पर्याय नव्हे आणि चार्जिंगची जागा तर नव्हेच.

उत्तर : वायरमनदादा, रत्नागिरी
पुराबाबत एक सांगायचे राहिले. कप्प्यांइतकीच सॉकेटची उंचीही महत्त्वाची आहे, तेव्हा आपल्या भिंतीवरची पाण्याची खूण वायरमनला दाखवून पॉइंट जमेल तितके वर घ्यायला सांगा. ट्रिमर आणि ड्रायरसाठी हँडल असलेला एकच डबा ठेवला, तर नदीच्या इशाऱ्याची बातमी येताच तो उचलून माळ्यावर नेता येतो. तरीही एखादा ट्रिमर पाण्यात भिजलाच, तर तो वाळवून पुन्हा चार्जिंगला लावू नये; भिजलेली लिथियम बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते, म्हणून तो दुकानाबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा.