गाडी शिकायला उशीर: 'शुद्ध आळस' म्हणून मोकळे होऊ नका

अर्धा_क्लच

परवाच्या धाग्यावर चौथा_गिअर यांनी लिहिलं होतं: "वय बसलं की दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला जायचं असतं. आताच्या पोरांची मान मोबाइलमधून वर निघत नाही, म्हणून पंचविशीतही लायसन्स नाही. शुद्ध आळस." तिथे दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो. जमलं नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी तास मोजा. ब्रिटनमध्ये परीक्षा घेणारी सरकारी यंत्रणाच सांगते की सरासरी शिकाऊ माणसाला शिक्षकाबरोबर ४५ तास आणि त्याशिवाय २२ तास खासगी सराव लागतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालच्यांना नोंदवहीत १२० तास भरून दाखवावे लागतात, त्यातले २० अंधारातले. जर्मनीत साधी शिकवणी वेगळीच. तिच्याशिवाय गावाबाहेरच्या रस्त्याच्या ५, ऑटोबानच्या (तिथल्या द्रुतगती महामार्गाच्या) ४ आणि रात्रीच्या ३ अशा ४५-४५ मिनिटांच्या तासिका सक्तीच्या.

आठवड्याला एकच तास परवडत असेल तर ब्रिटनचे ६७ तास म्हणजे ६७ आठवडे. सव्वा वर्ष झालं. मध्ये दोन आठवडे खंड पडला की पुढच्या तासाची पहिली पंधरा-वीस मिनिटं पायाला क्लच पुन्हा ओळखण्यात जातात. पैसे मात्र पूर्ण तासाचे.

आणि खरी मेख त्या २२ तासांत आहे. ती गाडी कोणाची? शेजारी बसणारा कोण? त्याच्याकडे लायसन्स हवं, वेळ हवा आणि दर चौकात न ओरडण्याचा संयम हवा. गाडीचा विमा शिकाऊ चालकाला धरतो का, हेही आधी बघायला हवं. घरात गाडी नसेल तर हे २२ तास येतात शून्यावर आणि सगळा भार पैसे मोजून घेतलेल्या तासांवर पडतो. याला आळस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

चौथा_गिअर

६७ आठवडे! आठवड्याला एक तास घेतलात तर ६७ लागणारच. दिवसाआड बसा, साडेचार महिन्यांत मोकळे. पोहायला कोणी आठवड्यातून एकदा पाण्यात उतरून शिकतं का?

आकडे तुम्हीच सुरू केलेत म्हणून सांगतो. मिशिगन विद्यापीठाच्या सिवाक आणि शॉटल यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या १८ ते ३९ वयाच्या, लायसन्स नसलेल्या लोकांना कारण विचारलं. सर्वात वर काय आलं? 'वेळ नाही.' ३७ टक्के. वेळ नाही म्हणजे काय, ते मराठीत सांगायला नको.

आकडेमोड

यादीतली पहिली ओळ वाचून पान मिटायची सवय जुनी दिसते. पुढची ओळ: गाडी घेणं आणि पोसणं महाग, ३२ टक्के. त्याच्या पुढची: दुसरं कोणीतरी नेतं, ३१ टक्के.

मोबाइलचा मुद्दा तर कालक्रमातच बसत नाही. याच दोघांच्या आकड्यांनुसार अमेरिकेत १६ वर्षांच्या मुलांत लायसन्स असलेले १९८३ मध्ये ४६ टक्के होते, २००८ मध्ये ३१ आणि २०१४ मध्ये साडेचोवीस. पहिला आयफोन आला २००७ मध्ये. घसरणीचा मोठा भाग त्याआधीच उरकला होता.

प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूचंही सांगतो. याच जोडीने १५ देशांची तुलना केली तेव्हा इंटरनेट वापरणारे जास्त तिथे तरुणांत लायसन्स कमी, असा संबंध दिसला होता. पण तो देशादेशांतला संबंध. त्यावरून एखाद्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. शिवाय त्या १५ पैकी फिनलंड, नेदरलँड्स, इस्रायल, पोलंड धरून ७ देशांत तरुणांचं प्रमाण वाढलं होतं. तिथे मोबाइल नव्हते की आळस नव्हता?

चौथा_गिअर

बरं, मोबाइल सोडला. पण अर्धा_क्लच यांनी १२० तासांचं ताट वाढताना एक वाटी झाकून ठेवली. न्यू साउथ वेल्समध्ये २५ पूर्ण झाली की ती नोंदवही माफ असते. म्हणजे थांबा, वय वाढवा, १२० तास वाचवा. याला तुम्ही 'अडचण' म्हणणार?

अर्धा_क्लच

झाकली नव्हती, 'वर्षांखालच्यांना' हा शब्द वाचायचा राहिला तुमचा. पण मुद्दा बरोबर आहे आणि तो तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूचा आहे. नियमच थांबणाऱ्याला सूट देतो.

अमेरिकेत तेच. तिथे लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं: आधी शेजारी मोठा माणूस बसवून, मग एकट्याने पण रात्री नाही आणि मित्र भरून नाही, मग पूर्ण मोकळीक. न्यूझीलंडने १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केली. पण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही बंधनं १८ च्या आतल्यांनाच. (न्यू जर्सी अपवाद, तिथे २१ पर्यंत.) म्हणजे अठरापर्यंत थांबलेला मुलगा थेट रात्री, पाऊस असताना, चार मित्र घेऊन निघू शकतो. उशिराचा खरा धोका हा आहे. नवख्याचा धोका नुसत्या वयाने जात नाही. एकट्याने चालवायला लागल्यावरचे पहिले काही महिने सर्वात वाईट, ते विशीत आले काय आणि तिशीत आले काय.

विजेरी

एवढा काथ्याकूट कशाला? ऑटोमॅटिकवर (गिअर गाडीच बदलते, क्लच नाही) शिका, निम्मी कटकट संपली. जपानने १९९१ मध्येच फक्त ऑटोमॅटिकचं लायसन्स काढलं. विजेच्या गाडीला गिअरच नाहीत. क्लच आता संग्रहालयात.

चौथा_गिअर

आलेच. म्हणजे पोहायला शिकायचं, पण कमरेएवढ्या पाण्यात. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालात तर मॅन्युअल, म्हणजे हाताने गिअर बदलायची गाडी, चालवायची परवानगीच मिळत नाही. उद्या नोकरीच्या ठिकाणची व्हॅन समोर आली की हात जोडून उभे राहा.

आणि क्लचमध्ये असं आहे तरी काय? चढावर गाडी उभी. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर. ॲक्सिलरेटर हलका, इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजाराच्या आसपास. क्लच सावकाश वर. इंजिनाचा आवाज खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवा, हँडब्रेक सोडा, गाडी मागे येत नाही. एका तासात बसतं.

अर्धा_क्लच

'पाय तिथेच थांबवा' हे तीन शब्दांत उरकता येत नाही, तेवढ्यासाठीच तर तास जातात. गाडी हलली रे हलली की शिकाऊ माणूस आनंदाने क्लच सोडून देतो आणि गाडी बंद पडते. कारण सरळ आहे. कमी फेऱ्यांवर इंजिनात जोर नसतो आणि गाडीचं सगळं वजन एकदम त्याच्या गळ्यात पडतं. दोनदा बंद पडली की तोच माणूस घाबरून तीन हजार फेरे करतो आणि क्लच अर्ध्यावर धरून बसतो. मग क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) घासत राहते, तापते, जळका वास येतो. असंच चालू राहिलं तर गिअरमध्ये असताना फेरे चढतात पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरायला लागला.

यावर उपाय चढ नव्हे, सपाट मैदान. ॲक्सिलरेटरला हातच लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही. पहिला गिअर टाकून फक्त क्लचवर गाडी माणसाच्या चालीने हलवायची, थांबवायची, पुन्हा हलवायची. तीसेक वेळा. टाच जमिनीवर टेकलेली, हालचाल घोट्यातून. टाच हवेत असेल तर अख्खा पाय वर येतो आणि त्याला अर्धा सेंटिमीटर थांबणं जमत नाही.

अवांतर: नव्या गाड्यांत चढावर ब्रेक आपोआप दोनेक सेकंद धरला जातो आणि बटणाचा हँडब्रेक गाडी निघताच स्वतः सुटतो. सोय चांगलीच. पण त्यावर शिकलेला माणूस जुन्या गाडीत बसला की चढावर गाडी सरळ मागच्याच्या बंपरवर.

विजेरी

माझं काम तुम्हीच केलंत. एवढं सगळं पायाला शिकवताना डोळे कुठे असतात? बॉनेटच्या नाकावर. नवखा आणि मुरलेला चालक कुठे बघतात हे १९७२ मध्येच नजरेची हालचाल टिपून पाहिलं गेलं. नवखे गाडीच्या जवळचं बघतात, आरशात कमी बघतात. मुरलेल्यांची नजर लांब आणि रुंद फिरते. अपघात क्लचमुळे होत नाहीत, न बघितल्यामुळे होतात. मग पहिले दहा तास डाव्या पायाला का द्यायचे?

चौथा_गिअर

कारण तुमच्या ऑटोमॅटिकवाल्यांची गाडी दुकानाच्या काचेतून आत जाते! मागे घेताना माणूस कमरेत वळतो, त्याबरोबर उजवा पाय सरकतो आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडतो. गाडी उसळली की तो घाबरून 'ब्रेक' आणखी दाबतो, म्हणजे ॲक्सिलरेटरच. मॅन्युअलमध्ये दचकलेला डावा पाय क्लच दाबतो आणि जोर तुटतो. तुमच्याकडे तोडायला काय आहे? विजेच्या गाडीत तर पूर्ण जोर पहिल्याच क्षणी चाकावर.

विजेरी

दुकानाच्या काचा मोजायच्या तर उतारावरून मागे घरंगळलेल्याही मोजू. घाबरवणं सोपं आहे साहेब, शिकवणं नाही. हे असले प्रतिसाद वाचूनच पोरं शिकायला जात नाहीत.

अर्धा_क्लच

आवाज खाली करा दोघांनी. पाय चुकण्याचा मुद्दा खरा आहे आणि उपायही आहे. टाच ब्रेकच्या समोर टेकवायची आणि ॲक्सिलरेटरला फक्त चवडा वळवायचा. पाय उचलून इकडून तिकडे टाकायचा नाही. डावा पाय बाजूच्या पायटेकणीवर, पूर्ण वेळ. जागेवर लावताना ऑटोमॅटिक आपोआप सरपटते, तेवढा वेग पुरतो, ब्रेकनेच कमीजास्त करायचा. काही विजेच्या गाड्या सरपटत नाहीत, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि एका पेडलवर चालवायची सोय शिकताना बंद ठेवा. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी थांबते, मग पायाला ब्रेककडे जायची सवयच लागत नाही.

काचेआडून

सगळे पायांत अडकलेत. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब बघितलेत का आजच्या गाड्यांचे? छत मजबूत हवं, आत एअरबॅग हवी, म्हणून मनगटाएवढा खांब मांडीएवढा झाला. वळताना त्यामागे अख्खी मोटरसायकल लपते, आणि ती तुमच्या वळण्याच्या गतीनेच पुढे सरकत असेल तर शेवटपर्यंत लपलेलीच राहते. डोकं पुढे-मागे हलवून बघा असं किती शिक्षक सांगतात? खिडक्यांची कड वर गेली, बॉनेट दिसत नाही, गाडीचं नाक कुठे संपतं कळत नाही. मग पोरं पडद्यावर बघून मागे घेतात आणि कॅमेऱ्यावर पावसाचं पाणी आलं की गोठतात. तरुण का शिकत नाहीत म्हणे. आतून काही दिसतंय का, ते आधी विचारा.

आकडेमोड

धागा: तरुण उशीर का करतात. सद्यस्थिती: क्लच, टाच, खांब. छान.

वादावर जर्मनीने २०२१ च्या एप्रिलमध्ये तोडगा काढला आहे. परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण त्याआधी मॅन्युअलवर ४५ मिनिटांच्या किमान १० तासिका घ्या आणि शिक्षकाला किमान १५ मिनिटं चालवून दाखवा. मग लायसन्स दोन्हींना चालतं. विजेरींचे डोळेही मोकळे, चौथा_गिअर यांची व्हॅनही चालू.

मूळ प्रश्नाला धरून एक राहिलंच. ब्रिटनमध्ये लेखी परीक्षेचा निकाल २ वर्षंच टिकतो. रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख लांबली, नापास झालात, पुन्हा रांगेत लागलात, की लेखी परत पहिल्यापासून: ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर आणि शिवाय धोका ओळखण्याच्या १४ चित्रफिती. आळशी माणूस एवढ्या चकरा मारत नाही.

चौथा_गिअर

जर्मनांचं मान्य. दहा तासिकांत क्लच होतो, मीही तेच म्हणत होतो. 'शुद्ध आळस' मधला 'शुद्ध' मागे घेतो. आळस राहू द्या, कुठेतरी उपयोगी पडेल.

पायवाट

वाद राहू दे. पंचविशीनंतर सुरू करणाऱ्याने पहिल्या तासाला नेमकं काय करायचं, ते कोणी सांगेल का?

अर्धा_क्लच

गाडी सुरू करायच्या आधी बैठक. क्लच, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक, पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकवून हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकायला हवं. बैठक हलली की आरसे हलतात, म्हणून आरसे नेहमी बैठकीनंतर. पुढची वीस मिनिटं फक्त हलवणं आणि थांबवणं, तिसरा गिअर विसरा. शेजारी बसणाऱ्याने पुढचं वळण पन्नासेक मीटर आधी सांगायचं, वळणावर पोहोचल्यावर नाही. निम्म्या घोडचुका उशिरा मिळालेल्या सूचनेच्या असतात.

काचेआडून

आणि खांब?

अर्धा_क्लच

दुसऱ्या तासाला.