मदत हवी आहे: एन्डोमेट्रिओसिस, वार खाली आहे, पहिलं बाळंतपण सटाण्याला माहेरी करावं की नाशिकलाच?

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरला राहते, वय ३३, २२वा आठवडा चालू आहे. जरा लांबलचक लिहितेय, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

पाळीत गडाबडा लोळायला लावणारं दुखणं मला अकरावीपासून. लग्न झालं की थांबेल, मग मूल झालं की थांबेल, हेच ऐकत आले. शेवटी दुर्बिणीतून एन्डोमेट्रिओसिसचं (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो, तो आजार) ऑपरेशन झालं, त्याला दोन महिन्यांनी तीन वर्षं होतील. डाव्या अंडाशयावरची ५ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढली. आतडं गर्भपिशवीला मागून चिकटलं होतं, ते पूर्ण सोडवता आलं नाही, असं सर्जन तोंडी म्हणाले. डिस्चार्ज कार्डवर मात्र एकच ओळ आहे. पुढे डायनोजेस्टच्या (त्याच आजारावरच्या हार्मोनच्या) गोळ्या, मग आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी), आणि दुसऱ्या खेपेला दिवस राहिले.

२०व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) मागच्या बाजूला आणि खाली निघाली. तिची कड पिशवीच्या तोंडापासून १.४ सेंटीमीटरवर आहे. दोन सेंटीमीटरच्या आत असली की ती खाली धरतात. डॉक्टर म्हणाल्या, एन्डोमेट्रिओसिस आणि आयव्हीएफ, दोन्हींत हे प्रमाण जास्त असतं. पण पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते, ३२व्या आठवड्यात पुन्हा बघू. अंगावर अजून काही गेलेलं नाही. माझा रक्तगट बी निगेटिव्ह, यांचा पॉझिटिव्ह.

डावीकडे जुन्याच जागी दुखतं. चिकटलेला भाग ताणला जात असेल, असं डॉक्टर म्हणाल्या. घरी मात्र "आता पाळीच नाही तर तो आजार राहिला कुठे?" असं म्हणतात. चुलत जाऊबाईंनी मायेनेच त्यांच्याकडची मेफ्टाल दिली. ती तशीच डब्यात आहे.

आता खरा पेच. आईला पहिलं बाळंतपण माहेरीच करायचंय. तिने सटाण्याच्या देवमामलेदार महाराजांना नवस बोललाय, माजघरातली खोली रंगवून घेतलीय. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की घेऊन जाणार म्हणते, म्हणजे ३२व्या आठवड्याच्या तपासणीआधीच. सटाणा इथून नव्वदेक किलोमीटर, गाडीने दोन-अडीच तास. नाशिकला ये म्हटलं तर लेकीच्या घरी महिनोन्‌महिने राहून जेवणं तिला पटत नाही. वडील नाहीत. तिचं मन मोडायची माझी हिंमत होत नाही, आणि रात्री झोपही लागत नाही.

कोणी यातून गेलं आहे का? प्रवासाचं काय केलंत? वार खालीच राहून सिझर करावं लागलं असेल, तर चिकटलेल्या आतड्याचा त्रास झाला का? आणि आईला कसं समजावलंत?

रानजाई:
मी जेलरोडची, अगदी हीच कथा. माझी वार ३६व्या आठवड्यातही तोंडावरच होती, म्हणून ३७व्यात ठरवून सिझर केलं. आतडं पुढे ओढलेलं होतं. आमच्या मॅडमना आधीच माहीत असल्याने त्यांनी पोटाच्या सर्जनना थिएटरमध्ये बोलावून ठेवलं होतं, रक्ताच्या दोन पिशव्याही तयार होत्या. वेळ लागला, पण सगळं शांतपणे झालं. हे मध्यरात्री अचानक करावं लागलं असतं तर काय, हा विचार मी आजही करत नाही.

आईचं म्हणाल तर तुम्ही समजावू नका. तिला तपासणीला सोबत न्या. आपण लेकी सांगतो ते त्यांना भित्रेपणा वाटतो, डॉक्टरांचं ऐकतात.

लेबररूम:
ताई, मी स्टाफ नर्स आहे. आधी ती मेफ्टाल डब्यातून काढून टाका. त्या जातीची वेदनाशामकं २०व्या आठवड्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नसतात, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन त्याच्याभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉल चालतं, तेही विचारून.

अंगावर थोडंसं जरी गेलं, दुखत नसलं तरी, लगेच निघायचं. १०८ लावा. तुमचा गट निगेटिव्ह आहे, तेव्हा रक्त गेल्यावर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं पाहिजे, ते स्वतः आठवणीने सांगा. आणि कुठेही पोचलात की पहिलं वाक्य "वार खाली आहे" हे असू द्या. सोनोग्राफी पाहिल्याशिवाय कोणी हाताने आतून तपासता कामा नये.

दुसरी गोष्ट क्वचित घडते, पण तुम्हाला माहीत हवी. एकाएकी पोटात भयंकर दुखलं, चक्कर आली, घाम फुटला, आणि अंगावर काहीच गेलं नाही, तरी पोटाच्या आत रक्तस्राव होत असू शकतो. एन्डोमेट्रिओसिस आहे हे सांगितलं नाही तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला ते सुचेलच असं नाही. रोजचं ओढल्यासारखं दुखणं वेगळं, त्याने घाबरू नका. आणि वार खाली म्हणजे पलंगावर पडून राहायचं असंही नाही, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर.

ऑपरेशनचे सविस्तर कागद मात्र आजच मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात आणि लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. तुमची तीन वर्षं संपत आलीत. अर्जाची पोच घ्या.

"मूल झालं की बरं होतं" म्हणणाऱ्यांसाठी: २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, की या आजारावर इलाज म्हणून गरोदर राहा असा सल्ला देऊ नये.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी):
दोघींचे मनापासून आभार. अर्ज दिला, चौथ्या दिवशी ऑपरेशनची पूर्ण नोंद मिळाली. आतडं नेमकं कुठे आणि किती चिकटलंय ते त्यात आहे. आमच्या मॅडमनी त्याची झेरॉक्स फाईलला लावली आणि सर्जनशी आत्ताच बोलून ठेवते म्हणाल्या.

आईला परवा घेऊन गेले. तिने एकच विचारलं, "इथून सटाण्याला पोर सुखरूप पोचंल ना?" मॅडम म्हणाल्या, "पोचेल. पण रात्री दोन वाजता सटाण्याहून इथे किती वेळात येईल, ते तुम्ही मला सांगा." आई काही बोलली नाही. रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता.

काल तिचा फोन आला. कांद्याची लागण उरकली की येतेय. स्वतःपुरती बाजरी आणि डाळ सोबत आणणार आहे, फुकट जेवणार नाही म्हणाली. सासूबाईंनी फोन घेऊन सांगितलं, "आणा, आपण दोघी मिळून भाकरी करू."

३२व्या आठवड्याची सोनोग्राफी झाली की इथेच लिहीन.